क्रिएटिनिन एकशे सहा

माझ्या थोरल्या भावाला मी आठवडाभर मरणाच्या भीतीत ठेवलं, आणि त्या आठवड्यात मला फार शांत झोप लागली. आधी हे सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना कुणी मला उगाच चांगलं समजायला नको.

मी लोणावळ्यात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. आई गावी, वडिवळ्याला. तिच्याजवळ वहिनी असते. दादा आखातात एका बांधकामावर सुपरवायझर आहे, वर्षातून एकदा सुट्टीवर येतो. आईला साखरेचा आजार जुना. तिचं रक्त तपासायचं काम माझ्याकडे होतं. महिन्यातून एकदा मी गावी जायचो, रक्त घ्यायचो, लॅबमध्ये लावायचो, आकडा फोनवर कळवायचो. आमच्याकडे माणसं साखरेचा आकडा दुधाच्या फॅटसारखा सांगतात. सकाळी डेअरीवर कॅन लावले की सुरू होतं, "तुमची किती? माजी एकशेनव्वद." ज्याची जास्त, त्याचा थोडा मानही असतो.

मागच्या वर्षीच्या सुट्टीत दादानं तिकडून साखर मोजायचं यंत्र आणलं. सगळ्यांसमोर आईच्या बोटाला सुई टोचून दाखवली आणि मला म्हणाला, "आता तुजी लॅब बंद कर रं सुयावाल्या. आमचं घरचं झालं." सगळे हसले. मीही हसलो, पण मनात ठरवलं, ठीक आहे, बघ मग तुझं तू. आणि भात लावणीपासून दिवाळीपर्यंत मी आईचं रक्त घ्यायला गेलो नाही.

आता यंत्राचं सांगतो. आपल्याकडे शंभर मिलिलिटर रक्तात किती मिलिग्रॅम साखर आहे, ते सांगतात. बाहेरच्या बऱ्याच देशांत तीच साखर मिलिमोलमध्ये सांगतात. रक्त तेच, साखर तेवढीच, पण आकडा अठरा पटींनी लहान दिसतो. दादाचं यंत्र तिकडचं होतं. त्यावर आईचा आकडा आला पंधरा. अठरानं गुणलं तर दोनशे सत्तर. पण गुणणार कोण? ज्या गावात शंभराच्या खालची साखर म्हणजे चक्कर, तिथे पंधरा म्हणजे माणूस गेल्यातच जमा. दादानं तिकडून फोनवर हुकूम सोडला, "आयेची साखर पार तळाला गेलीया. गोळ्या बंद करा. गूळ द्या, केळी द्या." वहिनी बिचारी देत राहिली. पंधराचे सतरा झाले तेव्हा घरात आनंद झाला. एकोणीस झाले तेव्हा तिनं मला हौसेनं फोन केला, "भावजी, आत्याबाईंची साखर वाढाय लागलीया बरं का." मी रुसलेलाच होतो. "छान," म्हटलं, आणि फोन ठेवला.

मी त्या वेळी फक्त एवढंच विचारायला हवं होतं, एकोणीस कसले?

खाचरातल्या चिखलात आईच्या पायाला काहीतरी लागलं होतं, ते चिघळलं. तळेगावच्या दवाखान्यात डाव्या पायाची दोन बोटं काढली. यंत्र मी तिथेच पहिल्यांदा हातात घेतलं. आकड्याच्या खाली बारीक अक्षरात मिलिमोल लिहिलेलं होतं. मी तिथल्या बाकावर बसून गुणाकार केला. एकोणीस म्हणजे तीनशे बेचाळीस.

दादाला फोन केला. तो म्हणाला, "मला काय ठावं? मशिनीत दिसलं ते सांगितलं." शिवाय डेअरीवर त्यानं फोन करून पसरवलं की धाकटा लॅबमध्ये असून आईकडे फिरकला नाही. यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. म्हणूनच ते मला कधी विसरता आलं नाही.

यंदा तो सुट्टीवर आला आणि तिसऱ्या दिवशी लॅबमध्ये हजर झाला. रक्त घ्यायच्या खुर्चीत बसला. चेहरा उतरलेला.

"कंपनीची मेडिकल झाली," म्हणाला. "कुणी काय बोललं न्हाई, निस्ती आकड्यांची चिठ्ठी दिली. क्रिएटिनिन एकशे सहा."

मी हातातली सुई ट्रेमध्ये ठेवली.

"टाकव्याच्या त्या पाव्हन्याचं आठ होतं रं. आठावर त्याला डायलिसिसच्या मशिनीवर टाकलाय, आठवड्यातून दोनदा. माजं एकशे सहा! म्या जित्ता कसा?"

क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड नीट चालतंय का ते सांगणारा आकडा, आपण मिलिग्रॅममध्ये मोजतो. तिकडे मायक्रोमोलमध्ये. एकशे सहाला अठ्ठ्याऐंशी पूर्णांक चारनं भागलं की एक पूर्णांक दोन येतं. त्याच्या अंगापिंडाच्या माणसाला ते ठीकच. खुर्चीत बसल्या बसल्या मला ते कळलं. तोंड उघडायचा अवकाश होता.

"हं," मी म्हणालो.

"हं काय? सांग की."

"काय सांगू? तुझ्या आकड्यातलं मला काय कळतं? मी सुयावाला."

"चेष्टा करू नगंस रं. मटन खाऊ का नगं?"

"तुझं तू बघ."

तो उठला तेव्हा खुर्चीचा हात धरून उठला. निरोगी माणूस! मला वाटलं, बस. आई तळेगावच्या खाटेवर बसली होती तसा बस. भी. आकडा काय करतो ते कळू दे तुला. मी त्या संध्याकाळी भूक लागून जेवलो. पुढच्या दिवसांत त्याचे फोन येत राहिले, मी कधी उचलले, कधी नाही. बायकोनं विचारलं, "दादांचं काय झालंय?" मी म्हणालो, "काही नाही." ते तरी खरं होतं.

गावात तो पाणी पिताना घोट मोजत होता, हे नंतर कळलं. मीठ सोडलं होतं. रात्री पडवीत येरझाऱ्या घालायचा. मग एखाद्या डॉक्टरकडे का गेला नाही? भीतीनं. आपल्याकडे माणूस खात्री करून घ्यायला भितो, आकड्यावर मात्र विश्वास ठेवतो.

मग एका दुपारी वहिनीचा फोन आला. "भावजी, आत्याबाई घामानं भिजल्यात. काईबाई बोलत्यात. वळखंनात मला. हे बी भाईर गेल्यात, घरात मी एकटीच."

"सकाळी जेवली का?"

"न्हाई. उपास धरलाय चार दिस झालं. पानीसुदीक संध्याकाळी."

"आणि गोळी?"

"गोळी घेतली की. तुमीच म्हनला व्हता, गोळी चुकवायची न्हाई."

"साखर द्या. आत्ताच्या आत्ता पाण्यात साखर कालवून पाजा."

 ती रडत म्हणाली, "मी न्हाई देनार. मागल्या खेपेला मीच दिली व्हती साखर. पुन्यांदा माज्या हातानं न्हाई."

मी लॅबमध्ये पेशंटांसमोर ओरडलो. काय काय बोललो ते आठवत नाही. "वहिनी, तुमच्या पाया पडतो," असंही म्हणालो असेन. शेवटी मागून शेजारच्या मावशीचा आवाज आला, "आन ती वाटी हिकडं," आणि फोन बंद झाला.

कामशेतमार्गे वडिवळ्यापर्यंत मोटारसायकल कशी चालवली ते मला सांगता येणार नाही. घरी पोचलो तेव्हा आई भिंतीला टेकून बसली होती, ओठांना साखर लागलेली. मी लॅबमधलं मिलिग्रॅमचं यंत्र काढून तिच्या बोटाला सुई टोचली. साठ. साखर पाजल्यावर एवढी, म्हणजे आधी बरीच खाली असणार. दादा उंबऱ्यात उभा होता, बारीक झालेला.

"उपास कशाला धरलास?" मी आईला विचारलं.

"थोरल्यासाटी," ती म्हणाली. "गावदेवीला बोलले, त्याचा आकडा खाली आन, न्हाईतर मला ने."

आता गप्प राहणं शक्यच नव्हतं. पण तेव्हासुद्धा मी सरळ सांगितलं नाही. दादाला म्हणालो, "मोबाईल काढ. एकशे सहाला अठ्ठ्याऐंशी पूर्णांक चारनं भाग."

त्यानं भागलं. "येक पूर्णांक येक नऊ नऊ... म्हंजी येक पूर्णांक दोनच. मंग?"

"तुझं क्रिएटिनिन. तुला काहीही झालेलं नाही. आईच्या पंधराला अठरानं गुणायचं होतं, तसं हे भागायचं."

तो जमिनीवर बसला. म्हणाला, "कवापास्नं ठावं हाय तुला?"

"तू खुर्चीत बसलास तेव्हापासून."

तो अंगावर येईल असं वाटलं होतं, यावा असंही वाटत होतं. पण तो हातानं डोळे पुसत म्हणाला, "मला म्हाईत नव्हतं रं. खरंच म्हाईत नव्हतं. तुला तर म्हाईत व्हतं."

वर्षभर मला त्याच्याकडून कबुली हवी होती. ती मिळाली, आणि तिच्यातच गुंडाळून त्यानं माझी चूकही माझ्या हातात ठेवली. तरी खोटं कशाला बोलू, त्याचा तो उतरलेला चेहरा बघून आत कुठेतरी अजून बरंच वाटत होतं.

आई सगळं ऐकत होती. मी पुन्हा तपासायला तिचा हात धरला, तर तिनं तो पदराखाली ओढून घेतला.

"नगं," ती म्हणाली. "याला आकडा वाचता येत न्हाई, आन तुला वाचून सांगता येत न्हाई. माजं बोट आता तुमा दोगांनाबी न्हाई."

"आई, आत्ता बघायलाच हवी."

"मावशी बघंल. तिला शिकव."

मी शेजारच्या मावशींना शिकवलं. सुई कशी लावायची, थेंब किती, पट्टी कुठे धरायची. आईनं त्यांच्यापुढे हात निमूट केला. दादा आणि मी उंबऱ्याच्या दोन बाजूंना उभे राहून मावशी काय आकडा सांगतात याची वाट बघत होतो.