उमरेडहून नागपूर: चार शब्द विचारायला पन्नास किलोमीटर

शनिवारी दुपारी सव्वाबारा वाजता, मनीषनगरच्या एका हॉलमध्ये, स्नेहलनं माझ्याकडं बघून चार शब्द विचारले आणि माझं सगळं बदललं. पण आधी रस्ता सांगतो.

स्नेहल माझी कॉलेजची मैत्रीण. तिनं मानसशास्त्रात एमए केलं. मी दुसऱ्या वर्षाला एका सरांशी भांडलो आणि कॉलेज सोडलं ते सोडलंच. तिच्यावरचं प्रेम सोडलं नाही, तिला सांगितलंही नाही. ती आता उमरेडच्या एका शाळेत समुपदेशक आहे, पण हंगामी. नागपूरचं मानसिक प्रथमोपचाराचं दोन दिवसांचं प्रशिक्षण पास झाली तर जूनपासून पक्की, नाहीतर तिच्या जागी दुसरं कोणी. बसनं जाते म्हणाली. मी म्हटलं, "माझी फटफटी काय शोभेची आहे?"

शुक्रवारी सकाळी साडेसहाला निघालो. रस्ता छान आहे, फक्त कोळशाच्या ट्रकांना जपा. सव्वा तासात नागपूरच्या वेशीवरचं दिघोरी, तिथून सक्करदऱ्यात तर्री पोहे. तीस रुपये प्लेट, तर्री, म्हणजे हरभऱ्याचा झणझणीत रस्सा, मागाल तितकी. स्नेहल नुसती चमचा फिरवत होती.

"काहून वं, तिखट आहे का?"

"नाही रे. तो एक प्रश्न माझ्या तोंडून निघतच नाही. पोराले सरळ विचारा लागते, मरायचा विचार येते का. मले वाटते, त्याच्या डोक्यात नसलेलं मीच घातलं तं?"

हॉलमध्ये चाळीसेक शाळांचे समुपदेशक आणि मानसशास्त्रज्ञ. मला बाहेर थांबायचं होतं, पण उन्हाचा कंटाळा आला म्हणून मागच्या रांगेत जाऊन बसलो. प्रशिक्षण देणाऱ्या नीलिमाताई, डोक्यावर पांढरे केस, आवाज कधीच न चढणारा. त्यांनी स्नेहलचीच शंका फळ्यावर लिहिली आणि सांगितलं, विचारल्यानं विचार पेरला जात नाही, बोलायला वाट मिळते. मग जोड्यांचा सराव. एकानं दुःखी विद्यार्थी व्हायचं, दुसऱ्यानं ऐकायचं. पण यातली बहुतेक मूळची मास्तर माणसं! ऐकणं राहिलं बाजूला. एक सर म्हणाले, "बेटा, पहाटे ऊठ, सूर्यनमस्कार घाल." दुसऱ्या बाई, "आईवडिलांचा विचार कर." तिसऱ्यानं वेळापत्रकच काढून दिलं, तेव्हा माझं डोकं सटकलं.

"अशानं पोरगं बोलन का सर? उठून जाईन! मी तं गेलोच असतो!"

सगळ्या माना मागं वळल्या. स्नेहलनं कपाळाला हात लावला.

"आपण कोण?" नीलिमाताईंनी विचारलं.

"ड्रायव्हर."

"उद्या परीक्षेत विद्यार्थी म्हणून बसाल? इतका खरा राग आम्हाला जमत नाही."

संध्याकाळी स्नेहल मुलींच्या हॉस्टेलवर, मी सक्करदऱ्यात चुलतभावाकडं. मधल्या वेळात गांधीबागेत जाऊन या. ठोक कापडबाजार आहे. मी आईसाठी एकच साडी मागितली तर दुकानदार मला वरपासून खालपर्यंत बघत राहिला.

शनिवारी माझ्या हातात कार्ड आलं: "कॉलेज सोडलेला मुलगा. चिडतो. घरी बोलत नाही." हे माझ्यावरूनच लिहिलं की काय, असा मला नीलिमाताईंचा संशय आला. स्नेहलनं आधीच सांगून टाकलं, "मॅडम, हा माझ्या ओळखीचा आहे."

"शाळेतली मुलं ओळखीचीच असतात," त्या म्हणाल्या.

स्नेहलच्या आधी चार जण झाले. दोघांसमोरून मी खरंच उठून गेलो. मग ती आली. माझ्या कानाशी पुटपुटली, "मले सोपं करून देशील तं पाहा!" खुर्ची समोर नाही, जराशी तिरपी ओढली. शांत हो वगैरे काही नाही. "मी इथंच बसली आहे. वाटलं तं बोल."

मी हातातलं कार्ड उलटं ठेवलं. मग सुटलो. ते सर, कॉलेज, घरातली शांतता. तिनं मध्ये एक शब्द टाकला नाही.

"कोणी मुलगी आहे का?"

"आहे."

"तिले माहीत आहे?"

"आता झालं असन."

हॉल फुटला हसून. तिचे कान लाल झाले, पण नजर हलली नाही. तिनं हसू ओसरू दिलं आणि विचारलं,

"मरायचा विचार येते का?"

कार्डावर याचं उत्तर नव्हतं. माझ्याकडं होतं.

"मागच्या पावसाळ्यात यायचा. आता नाही येत."

हे मी आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं. डोक्यात काही शिरलं नाही राजेहो, उलट छातीवरचं उतरलं.

"बरं केलं सांगितलं," ती म्हणाली. आवाज एकदम स्थिर. "घरी कोणाले सांगशील?"

"बाबाले."

"कधी?"

"उद्या."

"आन् परत विचार आला तं?"

"थांबणार नाही. लगेच सांगीन. तुले, बाबाले, डॉक्टरले."

नीलिमाताईंनी टाळ्या वाजू दिल्या नाहीत. मला बाजूला नेलं, अर्धा तास सोबत बसल्या, मंगळवारची डॉक्टरांची वेळ घेऊन दिली. मग निकाल. स्नेहल पास! नुसती पास नाही, "हॉल हसला तरी ही पोराजवळून हलली नाही," असं सगळ्यांसमोर कौतुक. सूर्यनमस्कारवाले सर येऊन माझा हात दाबून गेले. "उद्यापासून आधी ऐकतो गा."

परतीच्या रस्त्यावर ती मागं बसून ट्रकवाल्यांना ओरडून सांगत होती, "पक्की झाली मी! पक्की!"

"आन् माझं?" मी विचारलं.

"तुझं काय?"

"ते... मुलीचं."

"आधी बाबाले सांग. मंग त्या मुलीले नीट विचार. हॉलभर लोकांपुढं नाही!" आणि पाठीत एक धपाटा.

रविवारी सकाळी बाबांना सांगितलं. ते बराच वेळ वहाणेचा अंगठा नीट करत राहिले. मग म्हणाले, "मी घरातच होतो ना रे." त्यानंतर दोघंही रडलो, लपवत नाही.

नागपूरला जाणाऱ्यांनी पोहे खावे, बाजार पाहावा. मी तिथून काय आणलं विचाराल तर एवढंच: मला विचारणारी माणसं आहेत, आणि मला सांगता येतं.

आज मंगळवार. डॉक्टरांकडून परतताना स्नेहलच्या शाळेपाशी थांबणार आहे, नीट विचारायला. बाबांनी सुट्टी टाकली आहे. म्हणाले, "आज तू मागं बस, गाडी मी चालवतो." खाली हॉर्न वाजवून राहिले. हे लिहिणं इथंच थांबवतो, मोबाईल खिशात टाकतो, बाहेर पडतो आणि दार ओढून घेतो.