जुळ्या बहिणी, एकीलाच आमवात

मेडिकल दुकान चालवणाऱ्या माणसाकडे दोन गोष्टी आपोआप साठत जातात. एक्सपायरी झालेली खोकल्याची औषधं आणि लोकांचे किस्से. औषधं कंपनीला परत करता येतात. किस्से कुणाला परत करणार?

वाशीमला आमच्या दुकानाला लागूनच सांध्यांच्या डॉक्टर मॅडमचा दवाखाना आहे. मधे एक भिंत, बाहेर दोघांचं मिळून एक बाकडं. गुरुवारी मॅडम आमवाताचे पेशंट बघतात. आमवात म्हणजे म्हातारपणी गुडघे कुरकुरतात तो प्रकार नव्हे. यात शरीराची राखण करणारी ताकदच उलटते आणि आपल्याच सांध्यांवर चालून जाते. ऐन चाळिशीत बोटं वाकतात, सकाळी उठून चहाचा कपसुद्धा धरवत नाही. एवढं दुखणं घेऊन बसलेलं हे बाकडं दवाखान्याचं कमी आणि लग्नघराचं जास्त वाटतं. इतकं हसणं मी आमच्या खानदानी कापड दुकानात लग्नाच्या बस्त्यालाही ऐकलेलं नाही!

आणि त्या बाकड्याची मालकीण म्हणजे मेडशीच्या कुसुमताई.

* * *

कुसुमताई पहिल्यांदा आल्या तेव्हा सोबत त्यांची बहीण होती, रिठदच्या सुमनताई. जुळ्या. चेहरा तोच, आवाज तोच, हसताना तोंडावर पदर धरायची पद्धतही तीच. तेव्हा सुमनताई बाहेरच बसल्या होत्या, मॅडमनी त्यांना पाहिलंच नव्हतं. महिनाभरानं दोघी पुन्हा आल्या. कुसुमताई माझ्याशी बोलत उभ्या होत्या, म्हणून नंबर पुकारल्यावर सुमनताईच आत जाऊन बसल्या.

मॅडमनी बोटांचे सांधे दाबून पाहिले. सूज नाही. दुखत नाही. मूठ गच्च मिटते.

“वा!” मॅडम खुर्चीतून उठल्याच. “महिन्याभरात एवढा फरक! मी आजवर पाहिला नाही!”

“मीबी नाई पाह्यला,” सुमनताई म्हणाल्या. “पण बिमार माह्यी बहीण हाये जी. ते बाहेर गोष्टी करून राह्यली.”

मॅडम इतक्या हसल्या की पुढचा पेशंट आत यायला तयार होईना!

* * *

त्या दिवशी बाकड्यावर सगळ्यांच्या मनात एक प्रश्न मात्र राहिला. सोबत आलेले कुसुमताईंचे यजमान उत्तमराव यांनी मॅडम बाहेर येताच तो विचारला. “मॅडम, दोघी एकाच पोटच्या, एकाच दिवशीच्या. मंग हिलेच काहून?”

मॅडमनी त्यांनाच उलट विचारलं, “सोयाबीनची एकच पिशवी दोन वावरांत पेरली, तर उगवण सारखी होते का?”

“कायची होते! जमीन पाह्यजे, पाणी पाह्यजे…” बोलता बोलता उत्तमराव थांबले.

“तसंच आहे. रक्तातून येतो तो धोका. आजार येईलच असं नाही. बाकीचं बाहेरून घडतं. बिडी-सिगारेटचा धूर, वाढलेलं वजन, हिरड्यांची जुनी सूज यांनी धोका वाढतो. बायकांना तसाही जास्त. ताईंना नेमकं कशामुळे झालं ते मी छातीठोक सांगू शकत नाही, कुणीच नाही. पण जन्माचं बदलता येत नाही, हे बदलता येतं.”

उत्तमरावांनी खिशातलं बिडीचं बंडल काढलं आणि माझ्या काउंटरवर ठेवलं. म्हणाले, “भाऊ, हे वापस घेता का?”

मी म्हटलं, “अहो, मेडिकल आहे हे!”

* * *

बिडी सुटली, पण सोपी सुटली नाही. उत्तमराव बिडीऐवजी फुटाणे खायला लागले. शर्टाचे दोन्ही खिसे फुटाण्यांनी फुगलेले. एसटीत शेजारी बसणाऱ्याला मेडशीपासून वाशीमपर्यंत नुसता कुडुमकुडुम आवाज!

या माणसाचं मला खरंच कौतुक वाटतं. कुसुमताईंना ओले कपडे पिळता येईनात, तर हे पिळायला लागले, तेही अंगणात, सगळ्या गल्लीसमोर. गावातले हसले. हे म्हणाले, “हसा. तुमच्या घरी बायको पिळते, माह्या घरी मी पिळतो. वाळतात तर सारखेच!”

* * *

आता बाकड्यावरच्या वैद्यांची गोष्ट. आमवात कशानं होतो यावर तिथं दर गुरुवारी चर्चासत्र भरतं. कुणी म्हणतं दह्यानं, कुणी चिंचेनं, कुणी पंख्याखाली झोपल्यानं. एकदा एका काकूंनी निकालच दिला. “बटाट्यानं होते! पाहा ना, हे मेडिकलवाले भाऊ जैन हायेत, बटाटा खात नाई, त्याईच्या घरी हाये का कोणाले?”

मी गोळ्या मोजता मोजता म्हटलं, “माझ्या सख्ख्या आत्याला होता. जन्मात बटाट्याला शिवली नाही.”

मग काकू म्हणाल्या, “मंग खात जा न भाऊ, न खाऊन फायदा काय झाला?”

* * *

कुसुमताईंची खरी काळजी त्यांच्या बोटांची नव्हतीच. पल्लवीची होती. पल्लवी त्यांची एकुलती एक. बी.एस्सी. झालेली, मेडशीत शिकवण्या घेते, सुट्टी काढून आईला घेऊन येते. एकदा तिनं मॅडमना सरळ विचारलं, “मले होईल का?”

कुसुमताईंनी मान खाली घातली. ज्या प्रश्नाला त्या घाबरत होत्या, तो पोरीनं वजनकाट्यावर उभं राहूनच विचारला.

“होऊही शकतो,” मॅडम म्हणाल्या. “इतरांपेक्षा तुला शक्यता थोडी जास्त. पण घरात आजार असलेल्या बहुतेकांना तो होत नाही. मावशीकडे बघ. सकाळी सांधे बराच वेळ आखडायला लागले, सूज दिसली, तर लपवायचं नाही, लगेच यायचं. आणि धुरापासून लांब राहायचं.”

पल्लवीनं ते शेवटचं वाक्य फारच मनावर घेतलं. देवरावमामा, म्हणजे दोघी बहिणींचे मामा, तिच्यासाठी स्थळं बघत होते. तिनं त्यांना बजावलं की बिडी-सिगारेट ओढणारा मुलगा चालणार नाही. मामा बाकड्यावर येऊन कपाळाला हात लावून बसले. “पोरी पगार विचारतात, वावर विचारतात. हे पोरगी तोंडाचा वास विचारून राह्यली!”

* * *

तरी मामांनी तसा मुलगा शोधला. शेलूबाजारचा, एसटीत मेकॅनिक, सुपारीसुद्धा न खाणारा. दोघं फोनवर बोलले, एकमेकांना आवडले. अडचण एकच होती. मुलाची आई. बाई कडक. एका ठिकाणी मुलीच्या आजीला दमा आहे हे कळल्यावर पोह्यांना हात न लावता उठून गेलेली!

मग मामांच्या डोक्यातून ती कल्पना निघाली. बघायला येतील त्या दिवशी आई म्हणून सुमननं बसायचं. तोच चेहरा, तोच आवाज, बोटं सरळ. कुसुमनं आत थांबायचं. लग्न बुद्धविहारात लागलं, की मग पुढचं पुढे.

सुमनताई ऐकूनच रडायला लागल्या. कुसुमताई मात्र शांत होत्या. माझ्या काउंटरवर दोन्ही हात ठेवून म्हणाल्या, “पोरीचं जमत असंन तर एक दिवस मले मावशीच समजा.”

मी त्यांच्या गोळ्यांची पुडी त्या हातांजवळ सरकवली.

मॅडमच्या कानावर गेलं. त्यांनी उपदेश केला नाही. एवढंच विचारलं, “पल्लवी काय म्हणते?”

पल्लवीला कुणी विचारलंच नव्हतं.

* * *

पाहुणे यायचे त्या रविवारी रिठदहून सुमनताईंना मेडशीला न्यायला माझी गाडी होती, म्हणून मी तिथं होतो. बैठकीत मुलगा, त्याचे आईवडील, मामा, उत्तमराव आणि मी. कुसुमताईंचं हिरवं लुगडं नेसून सुमनताई समोर बसलेल्या. पल्लवीनं पोहे आणले, कुणाकडेही न बघता ठेवले आणि आत गेली.

मुलाची आई बोलत कमी होती, निरखत जास्त होती. तिनं शिक्षण विचारलं, स्वयंपाक विचारला. मग अचानक म्हणाली, “अन् तुमची तब्येत?”

“मले काईच नाई जी,” सुमनताई म्हणाल्या. खोटं नव्हतं, तरी नजर पोह्यांच्या बशीवर होती.

त्या बाईनं पुढं होऊन सुमनताईंचा हात हातात घेतला. उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. पहिल्यांदाच हसली. “हात काय सुरेख हायेत तुमचे! पोरगी आईवरच गेली म्हणा!”

आत भांडं वाजलं. “मले हे खोटं नाई पाह्यजे,” पल्लवी म्हणाली, आणि पाठोपाठ कुसुमताईंचा आवाज आला, “दे इकडे.”

पडदा सरला. चहाचा ट्रे घेऊन कुसुमताई बाहेर आल्या. बोटांत धरता येत नाही, म्हणून दोन्ही मनगटांवर पेललेला. मागे पल्लवी. मामा छताकडे बघायला लागले. पाहुण्यांनी एक चेहरा पाहिला, मग दुसरा, मग परत पहिला.

“आई मी हावो,” कुसुमताई म्हणाल्या. “हे माह्यी जुळी बहीण. तिचे हात तुमी पाह्यले, आता माह्ये पाहा. मले आमवात हाये. पोरीच्या रक्तात असू शकते, नसूबी शकते. आमी दोघी एकाच पोटच्या, एकाच दिवशीच्या. मले झाला, तिले नाई झाला. याच्याहून जास्त डाक्टरलेबी सांगता येत नाई. लपवाले बसवलं होतं तिले. पण माह्या पोरीची आई दुसरी कोणी हाये, हे मले आयकवलं नाई.”

उत्तमरावांच्या तोंडातला फुटाणा गालातच राहिला. मनगटांवरचा ट्रे थरथरत होता आणि कप एकमेकांवर किणकिणत होते.

मुलाच्या आईनं सुमनताईंचा हात सोडला. कुसुमताईंच्या बोटांकडे बघत राहिली. मग मुलाच्या दंडावर एक चापट मारली.

“पाहून काय राह्यला बे? ऊठ! सासूच्या हातातला ट्रे घे!”