फेब्रुवारीतली दाट सावली

वाचणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, आज मला एका पुस्तकाची किळस आली.

आमच्या धारच्या मराठी मंडळात मुलांच्या बक्षिसासाठी एक निसर्गपुस्तक निवडायचं होतं. माझं शिक्षण हिंदीत झालं. मराठीचं एक पान वाचायला मला दहा मिनिटं लागतात. तरी ते मी पूर्ण वाचलं. लेखक म्हणतो, फेब्रुवारीत तो मांडूच्या इमलीखाली, म्हणजे गोरखचिंचेखाली, दुपारभर दाट सावलीत बसला.

फेब्रुवारीत त्या झाडावर पान नसतं. मी माती तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. नमुना न घेता लिहिलेला अहवाल मला ओळखू येतो.

बैठकीत मी ते पान मोठ्याने वाचलं. अध्यक्षकाका म्हणाले, "अगं, फोटो बघ किती सुंदर आहेत!"

"काका, तुम्ही वाचलंय?"

"चाळलंय."

सुधामावशी काकांना इकडच्यासारखं 'भिया', म्हणजे भाऊ, म्हणतात. त्या हसल्या. "दाट सावली? अहो भिया, मागच्या फेब्रुवारीत तिथे आपण छत्री उघडून डबे खाल्ले!"

सगळे हसले आणि तेच पुस्तक ठरलं. प्रती आधीच आल्या होत्या.

नुकतीच वाचलेली एक कादंबरी रटाळ होती, पण तिच्यात हेच झाड हिवाळ्यात उघडंबोडकं होतं. कल्पित लिहिणारी ती लेखिका तिथे जाऊन आली होती.

आमची मुलं माझ्याहूनही हळू, अक्षर लावत वाचतात. इतक्या कष्टाने ती त्या खोट्या सावलीपर्यंत पोचतील. म्हणून प्रती घरी आणल्यात आणि प्रत्येकीत पेन्सिलीने लिहितेय: 'या महिन्यात पानं नसतात. जाऊन बघ.'

तुम्ही काय केलं असतं?