वहिनीने उत्तर सांगितलं नाही

आमची वहिनी शाळेत विज्ञान शिकवते, म्हणजे प्रश्न विचारते आणि गप्प बसते. घरातही तेच. "वहिनी, पंखा कुरकुरतोय," म्हटलं की विचारते, "कोणत्या वेगाला, भाऊजी?" मी हल्ली खिडकी उघडून झोपतो.

तिचा सगळा जीव दहावीच्या वर्गात. उष्णतेच्या धड्याला तिने एकात एक घट्ट बसलेले स्टीलचे दोन पेले वर्गात नेले. "सोडवा. ठोकायचं नाही." पोरं त्यातच गुंतली, धडा तसाच राहिला. मुख्याध्यापकांनी बजावलं, "उद्या तपासणीला साहेब येतायत. गुपचूप उत्तरं उतरवून द्या, नाहीतर दहावी काढून घेईन."

दुसऱ्या दिवशी साहेब मागच्या बाकावर बसले, मुख्याध्यापक दारात उभे राहिले आणि वहिनीने टेबलावर पेले ठेवले.

मुलांनी भांडभांडून आतल्या पेल्यात कढत पाणी ओतलं. पेले आणखीच घट्ट बसले.

"सांगून टाका ना, बाई!" मुख्याध्यापक कुजबुजले. त्यांची कुजबुज मैदानापर्यंत जाते.

"मी सांगितलं तर त्यांनी काय करायचं?"

"अहो, साहेब बसलेत!"

"बसू द्या की. त्यांनाही काहीतरी सुचेल."

साहेबांनी घाईघाईने बुटांकडे बघितलं.

तेवढ्यात एक मुलगी ओरडली, "आतला फुगला म्हणून अडकला! मग बाहेरचा फुगवू या!"

"आणि आतला?"

"आतला गार ठेवायचा!"

आत गार पाणी, बाहेरून गरम. पेले अलगद सुटले. वर्गाने शाळा डोक्यावर घेतली, साहेबसुद्धा उठून बघायला आले.

"प्रसरणाची व्याख्या सांग," मुख्याध्यापकांनी त्या मुलीला विचारलं.

"पाठ नाही, सर. पण पुन्हा करून दाखवू?"

साहेब गेल्यावर वहिनीला मुख्याध्यापकांचं बोलावणं आलं. "शेवटचं विचारतो, उद्यापासून उत्तरं उतरवून देणार?"

"नाही."

"मग दहावी गेली. आठवी घ्या!"

रात्री जेवताना ती ताटातल्या पोळीचे नुसतेच तुकडे करत होती. मी म्हटलं, "वहिनी, जरा नमतं घेतलं असतंस तर?"

ती ताठ झाली. "दहावीची पोरं वर्षअखेरीला शाळा सोडून जाणार होती, भाऊजी. आठवीची अजून दोन वर्षं मुख्याध्यापकांच्याच शाळेत राहणार आहेत, प्रश्न विचारत. बघू किती जणांची तोंडं बंद करतात ते!" आणि तिने पोळी वाढून घेतली.