उगवतीवाले आणि मावळतीवाले

लासलगावच्या कांद्याच्या खळ्यावर आमची चंद्रभागा अडीच वर्षं एकच लढाई लढत होती, आणि तीही थेट आभाळात.

चंद्रावर माणूस उतरल्याचं रेडिओवर ऐकलं, तेव्हा आम्ही तोंडात बोटं घातली. ही मात्र कांदा निवडता निवडता म्हणाली, "मानूस गेला ना वर? मंग भांडण बी गेलंच म्हना."

दुसऱ्या दिवसापासून तिने गोष्ट सांगत सांगत ताऱ्यांवर दोन राज्यं वसवली, एक उगवतीचं आणि एक मावळतीचं. मधल्या एका ताऱ्यावरच्या पाण्यावरून त्यांची जुंपली. आमच्या गल्लीतल्या नळावरची भांडणं जणू कमी पडत होती!

ढिगाच्या अलीकडे बसणाऱ्या आम्ही मावळतीवाल्या, पलीकडच्या उगवतीवाल्या. चंद्रभागा बसायची पलीकडे. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. रोज आमचीच विमानं कोसळायची. मला खरोखर राग यायचा. तरी ती आली नाही, तर दिवस जाता जात नसे.

१९७१ च्या डिसेंबरात खरी लढाई पेटली. तिच्या शेजारी बसणाऱ्या धोंडाबाईचा मुलगा झुंबर देवळालीला तोफखान्यात शिकून सीमेवर गेला होता. त्या सकाळी चंद्रभागेने सवयीने आमचं एक विमान पाडलं.

"त्यात किती पोरं व्हती गं?" धोंडाबाईने विचारलं. तिचा हात थांबला होता.

चंद्रभागेचा चेहरा उतरला. "कोनी नाय मेलं," ती घाईने म्हणाली. "समदे छत्र्या घेऊन खाली उतरले. आन आजपासून लढाई बंद."

पुढे तिच्या आभाळात नुसत्या भाकरी थापल्या गेल्या, कपडे वाळले, शिपायांनी दुखरे पाय चेपून घेतले. धोंडाबाई सगळं कान देऊन ऐकायची. खरी लढाई थांबली, तरी झुंबरचा पत्ता नव्हता. आम्ही कुणी लढाईचं नाव काढलं नाही.

जानेवारीत झुंबरच खळ्याच्या दारात येऊन उभा राहिला. धोंडाबाई धावली ती ढिगावरूनच, कांदे दाही दिशांना. आम्ही सगळ्या पोटभर रडलो.

दुसऱ्या दिवशी धोंडाबाईच हसत म्हणाली, "चंद्रभागे, आता होऊ दे तुजी लढाई."

चंद्रभागेने मान हलवली. "आपला आला गं. पन मावळतीकडं एक माय अजून दारात उभी हाय. तिचा येऊ दे."

धोंडाबाईचं हसू मावळलं. तिने ढिगापलीकडून आमच्याकडे बघत हळूच विचारलं, "काय नाव त्याचं, त्या पोराचं?"