कोरडी जिप्सी

बुधाजी काका जिप्सीच्या खाली उताणा पडून फटीत कापूस ठोकत होता. एका हातात बोथट छिन्नी, एका हातात लाकडी हातोडा, टक टक टक, सकाळपासून. माझ्या डोक्याला मुंग्या आल्या होत्या. दोनदा बाहेर जाऊन चहा मारून आलो, नटबोल्टांचा डबा उगाच उलटा करून परत भरला, तरी टकटक चालूच.

"काका, किती ठोकशील? गाडी हाय ती, होडी नाय."

"पान्याला काय कलतंय, गाडी हाय का होडी," तो खालून बोलला. "फट दिसली का शिरतं. राळ दे इकरं."

मी राळेचा डबा सरकवला. तेलात उकळलेली राळ, सगळ्या गॅरेजला वास. कापूस ठोकायचा, वरून राळ भरायची. करंज्याला, त्याच्या बंदरात, होडीच्या फळ्या अशाच बंद करतात. पस्तीस वर्षं त्याने हेच केलं. बुधाजीच्या होडीत पाणी शिरलं असं बंदरात कोणी म्हटलेलं नाय. हे तो सांगायचा नाय, लोक सांगायचे.

मग लोक फायबरच्या होड्या घ्यायला लागले. दोन वर्षं त्याच्याकडे एक काम आलं नाय. बायको आधीच गेलेली. शेवटी विनिताने, त्याच्या मुलीने, त्याला पनवेलला ओढून आणला. तिचा नवरा माझा दोस्त, म्हणून मला सगळं माहीत. आमच्यात बाप लेकीच्या घरी पाहुणा म्हणून एक वेळ जेवतो. काकाला तिथे तीन महिने झाले होते. अर्धी भाकरी खायचा नि हात धुवून उठायचा. विनिता माझ्यासमोर रडली. "कुंदन, कायतरी काम बघ त्याच्यासाठी. तो उपाशी मरेल पण माझ्या ताटात जेवणार नाय."

मी आठवीतून शाळा सोडली तेव्हापासून कमलाकर शेठच्या गॅरेजात. पळस्प्याला गोव्याचा रस्ता फुटतो, तिथून जवळच. सहा वर्षांत गाडी खोलणं, जोडणं, चालवणं सगळं माझ्याकडे आलेलं. मी काकाला तिथे नेऊन उभा केला. शेठ म्हणाला, सुतार घेऊन काय करू, बैलगाड्या बनवू का? तरी ठेवून घेतला, आठ दिवसांसाठी.

त्याच आठवड्यात सत्यजीत साहेब आला. नवीन पनवेलला फ्लॅट, मुंबईला ऑफिस. शहाऐंशी सालची जिप्सी त्याने दहा वर्षं जुनी घेतलेली आणि ती त्याला रस्त्यावर चालवायचीच नव्हती. डोंगर, चिखल, नदी.

"संडेला आमचा ग्रूप येतोय. पाच गाड्या. गाढी नदी क्रॉस करून पलीकडे जायचं आणि परत. माझी गाडी अडकली तर वर्षभर ऐकावं लागेल मला."

आमी लागलो. स्प्रिंगचे पाटे एक्सलच्या खालून काढून वर बसवले, गाडी वीतभर उठली. शाफ्ट लांब करून आणला. ट्रॅक्टरसारख्या नक्षीचे टायर घातले. एअर फिल्टरला पाइप जोडून काचेच्या वर नेला, इंजिनाने पाणी पिऊ नये म्हणून. बॉडी अजून उचलायची होती, तर चासीवर लोखंडी ठोकळे टाकणार होतो. काकाने सागाचे केले. तेलात मुरवलेले, आठही एका मापाचे, पट्टी हातात न घेता.

"वूड?" सत्यजीत साहेब म्हणाला. "सीरियसली?"

"साहेब, लोखंड गंजतं," काका म्हणाला. "साग माझ्या आज्याच्या आधीपासून समुद्रात उभा हाय."

शेठला ठोकळे आवडले, पण कबूल करेल तो शेठ कसला. म्हणाला, "रविवारी गाडी नदीतून गेली नि आली, तर म्हातारा कायमचा इथे. मागची खोली पण त्याची. नायतर सोमवारची करंज्याची एसटी."

त्या दिवसापासून काकाने ठोकायला सुरुवात केली. गाडीच्या तळातली बुचं, दरवाजांच्या फटी, पत्र्याचे सांधे, जिथे म्हणून उजेड दिसेल तिथे कापूस नि राळ. खोटं कशाला बोलू, मला पण ते बरोबरच वाटलं. नदीत घालायची गाडी, पाणी आत येता कामा नये. यात विचार करण्यासारखं काय हाय?

शनिवारी सकाळी नेरे गावाच्या वर नदीवर गेलो, आधी एकदा बघून घेऊ म्हणून. पाणी कमरेच्या वर, गढूळ. मी स्टिअरिंगवर, काका शेजारी. शेठ नि साहेब काठावर. अर्ध्यापर्यंत मस्त गेली. मग स्टिअरिंग एकदम हलकं झालं, जसं कोणीतरी उपटून हातात दिलंय. मी एक्सलेटर दाबला. चाकं फिरत होती, पण समोरचं झाड डावीकडे सरकायला लागलं.

"काका, आपण चाललोय."

"कुठं?"

"खाली."

त्याने वाकून पायाखाली हात फिरवला. "कोरडा हाय," म्हणाला. त्याचा चेहरा असा उजळला होता की मला पुढचं बोलवेना.

जिप्सी तरंगत होती. चारी चाकं जमिनीपासून सुटलेली. चाळीस-पन्नास हात वाहत गेलो नि एका जांभळीच्या खोडात तोंड घालून थांबलो. काठावर कपडे धुणारी एक बाई ओरडली, "वल्ही इसरलास काय रं?" बाकीच्या हसून हसून पाण्यात बसल्या.

ट्रॅक्टर आणून ओढली. आत एक थेंब नाय. शेठने दरवाजा उघडून बघितला नि बंद केला.

"म्हातारबुवा, साहेबांनी गाडी मागितली होती. तुमी होडी दिलीत. सोमवारी एसटी."

"हा गेला तर मी पण गेलो," मी म्हटलं.

"जा ना. तुला काय दोरीने बांधलाय?"

साहेब घड्याळ बघत होता. "मी ग्रूपला फोन करून सांगतो, नॉट कमिंग."

"उद्या सकाळपर्यंत थांबा," मी म्हटलं. का म्हटलं मला माहीत नव्हतं. डोक्यात काय नव्हतं. पण तोंडातून गेलं.

गॅरेजात आलो. काका जिप्सीच्या पुढे उकिडवा बसला. मी फेऱ्या मारत होतो. टायरला लाथ मारली, पाय दुखला.

"रिकामी होडी पन अशीच करते," तो शेवटी म्हणाला. "वर वर नाचते. मंग आमी तलाला दगड भरतो."

"दगड भरले तर पलीकडचा चढ चढणार नाय."

"हां." मग म्हणाला, "म्हंजे असा वजन पायजे, जो नदीत असंल नि बाहेर नसंल."

जिप्सीच्या चाकावरून अजून पाणी गळत होतं. त्याने ते बघितलं, मी त्याला बघितलं. त्याला कळलं होतं. पण तो बोलणार नाय हे मला दिसत होतं, म्हणून मीच बोललो.

"काका, भोकं पाडू. पाणी आत येऊ दे, गाडी खाली बसेल. बाहेर निघाली की पाणी आपोआप जाईल."

तो उठून मोरीवर गेला. हात धुतले, परत धुतले, आला.

"मशीन मना दे. मी बुजवलंय, मीच फोडनार."

आमच्यात पाण्याखाली होडीला भोक पाडणारा माणूस एकतर वैरी असतो, नायतर वेडा. काकाने जिप्सीच्या तळावर खडूने बारा खुणा केल्या. पहिल्या खुणेवर ड्रिल टेकवलं, उचललं. टेकवलं, उचललं. मी म्हटलं, दे मी करतो, तर कोपराने मला ढकललं. तेवढ्यात विनिता डबा घेऊन आली.

"तू उबी राहू नको इथं," तो तिला म्हणाला. "जा घरी."

ती गेल्यावर त्याने पाडलं. एक झाल्यावर बाकीच्या अकरांना थांबला नाय. रुपयाएवढी एकेक, कडा कानशीने घासून गुळगुळीत. डबा त्याने उघडला नाय.

रविवारी चार गाड्या पुढे होत्या. एक मधेच बंद पडली, एक आमच्यासारखीच तिरकी वाहायला लागली नि दोर टाकून ओढावी लागली. मग साहेब म्हणाला, कुंदन, तू घे. काका न विचारता शेजारी बसला.

पाणी भोकांतून वर आलं. घोट्याला, पोटरीला. त्याने पाय उचलून शिटावर घेतले, मग परत खाली पाण्यात सोडले. पाणी शिटापर्यंत चढलं. गाडी धपकन बसली, जशी कोणी वरून दाबली. टायरांनी गोटे पकडलेले मला हातात कळले. पहिला गियर, सावकाश, गेलो. पलीकडचा चढ चढताना मागे बारा धारा सुटल्या. वळवली, परत आलो. साहेब काठावर उड्या मारत होता, इंग्लिशमध्ये कायतरी. ग्रूपमधले दोघं जिप्सीखाली वाकून भोकं मोजत होते.

काका कमरेपर्यंत भिजलेला उतरला. शेठ म्हणाला, "मागची खोली झाडून घे."

तीन वर्षं तो त्या खोलीत राहिला. स्वतःचा भात स्वतः शिजवला. रविवारी विनिताकडे पाहुण्यासारखा जायचा नि पोटभर जेवायचा. मुंबईहून गाड्या यायच्या, लोक विचारायचे, ते भोकवाले काका कुठे हायत. अठरा जिप्स्या केल्या त्याने. सागाचे ठोकळे आणि बारा भोकं.

गेल्या वर्षी छातीत दुखून गेला. करंज्याला नेला. सगळं आटपल्यावर त्याचा चुलतभाऊ दाजी माझ्याजवळ येऊन बसला.

"तू त्या गॅरेजातला ना? आमचा बुधाजी तुमच्याकडं शिटा शिवायचा म्हनं."

मी विनिताकडे बघितलं. ती जमिनीकडे बघत होती.

"हो," मी म्हटलं. "त्याचा टाका कधी उसवला नाय."

परत येताना विनिताने सांगितलं. तीन वर्षं, दर होळीला नि दर नारळी पुनवेला, तो करंज्याला जाऊन सगळ्यांना हेच सांगत होता, भोकांचं नाव काढत नव्हता.