साडभाऊंचं इंजिन आणि माझे कान

आमच्या साडभाऊंइतका घाई नसलेला माणूस वर्धा जिल्ह्यात दुसरा नसेल, आणि अशा माणसाला उतारवयात ध्यास लागावा तोही गाडीचा जोर वाढवण्याचा, ही देवाची गंमतच म्हणायची. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आमच्या ताईंचे, यजमान. राहायला पुलगावला. उभी हयात कापसाच्या जिनिंगच्या कारखान्यात फिटर म्हणून गेली आणि निवृत्तीनंतरचा सगळा वेळ दारातल्या जुन्या पद्मिनीच्या बॉनेटखाली. त्या गाडीचा मूळ रंग कोणता, यावर घरात अजून एकमत नाही.

तेरा वर्षांपूर्वी ते ताईंना घेऊन माहूरला निघाले होते. घाटात गाडीनं दम सोडला. ताईंना उतरून भर उन्हात अर्धा घाट चालावा लागला आणि मागून आलेल्या वऱ्हाडाच्या टेम्पोतल्या मंडळींनी गाडी ढकलली. साडभाऊंनी घरी आल्यावर जाहीर केलं, "आता देवीले जाईन तं याच गाडीनं, अन् मधात कोणाले न उतरवता." त्या दिवसापासून त्यांनी इंजिनाचं कॉम्प्रेशन वाढवायला घेतलं.

हे प्रकरण त्यांनी मला इतक्या वेळा समजावलंय, की आर्वीतल्या माझ्या औषधांच्या दुकानात बसून मीही ते गिऱ्हाइकाला सांगू शकेन. इंजिनात पेट्रोल आणि हवा जितकी दाबून पेटवावी तितका जोर मिळतो. त्यासाठी वरचं झाकण, म्हणजे हेड, खालून थोडं घासून घ्यायचं, की आतली जागा कमी होते. पण लोभ केला तर ते मिश्रण ठिणगीचं ऐकत नाही, भलतीकडेच भडकतं आणि पिस्टनवर घणाचे घाव बसतात. नागपूरच्या एका मेकॅनिकनं एका फटक्यात दोन मिलिमीटर घासून देतो म्हटलं, तेव्हा साडभाऊ हेड काखेत मारून तसेच बसनं परत आले. "घासता येते, चिटकवता येत नाई," म्हणाले. ते दरवर्षी पोस्टकार्डाच्या जाडीएवढंच घासून आणत. हाच नियम त्यांनी न्हाव्यालाही लावला होता. त्यामुळे त्यांची एक हजामत दोन खेपांत होई आणि मधले चार दिवस ते अर्धवट कापलेल्या डोक्यानं गावभर हिंडत.

माझ्या दुकानातून त्यांनी आजवर नेली ती फक्त पन्नास एमएलची सिरिंज. कोणाला इंजेक्शन आहे, म्हणून मी काळजीनं विचारलं तर म्हणाले, "हेडाच्या खळग्यात रॉकेल किती मावते, थे मोजाचं हाय." चारही खळग्यांत थेंबाचाही फरक त्यांना चालत नसे. मग कणीक. पिस्टनवर कणकेचा उंडा ठेवायचा, हेड बसवायचं, इंजिन हातानं फिरवायचं, पुन्हा सगळं उघडायचं आणि दबलेली कणीक ब्लेडनं कापून तिची जाडी मोजायची, म्हणजे व्हॉल्व्ह पिस्टनला भिडणार नाही याची खात्री. ताई परात पुढे करत म्हणायच्या, "आमच्या घरी पयली पोळी गाईची नसते, गाडीची असते."

एवढं झालं, की परीक्षा. ती मे महिन्यात, भर दुपारी बारा वाजता, कारण त्या उन्हात जे इंजिन कुरकुरत नाही ते बाराही महिने कुरकुरत नाही, असा त्यांचा हिशोब. गाडीत चार माणसं हवीत आणि बोलायचं कोणीच नाही. टापच्या गेअरमध्ये गाडी हळू करून एकदम अॅक्सिलरेटर दाबायचा आणि कान द्यायचा. डब्यात हरभरे हलवल्यासारखा आवाज आला, तर इंजिन आतून मार खातंय. माझी जागा नेहमी पुढे, त्यांच्या शेजारी. ताई आणि माझी बायको मागे, तोंडाला पदर लावून, घामानं निथळत. अकरा वर्षं आम्ही वर्षातून एकदा असे मुक्यानं आर्वी रोडवर फिरलो.

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात गाडी अशी उसळली, की मी दचकून दाराचं हँडल धरलं. आणि हरभरे वाजले. स्वच्छ वाजले. साडभाऊ समोर बघत म्हणाले, "काऊन साडभाऊ, आयकू येऊन राह्यलं का काही?"

मी आरशात पाहिलं. ताई माझ्याकडेच बघत होत्या. त्यांचे गुडघे त्या वर्षी फार सुजले होते. हो म्हटलं तर पुन्हा इंजिन खोलणार आणि पुन्हा एक वर्ष जाणार, एवढंच माझ्या डोक्यात आलं.

"नाई," मी म्हणालो. "एकदम मुलायम."

आठ दिवसांनी दोघं माहूरला निघाले. यवतमाळ ओलांडून पुढच्या चढावर गाडीनं निळा धूर सोडला आणि ती बंद पडली. ताई पुन्हा रस्त्याच्या कडेला, उन्हात, दगडावर. गाडी दुसऱ्या दिवशी ट्रकमागे बांधून आणली.

मी गेलो तेव्हा त्यांनी पिस्टन माझ्या हातात ठेवला. मधोमध भोक, कडा उंदरानं कुरतडल्यासारख्या. ते चिडले असते तर बरं झालं असतं.

"हे एका चढावर नाई होत. हे आधी आवाज देते," ते म्हणाले. "माये कान जिनिंगमंदीच गेले, साडभाऊ. म्हणून तं तुमाले पुढं बसवत होतो."

माझ्यानं राहवलं नाही. मला आवाज आला होता, पण ताईंचं आणखी एक वर्ष जाऊ नये म्हणून मी खोटं बोललो, असं सगळं मी त्यांना सांगून टाकलं. त्यांनी पिस्टन माझ्या हातातून घेतला, फडक्यानं पुसला.

"वर्ष काऊन लागलं असतं जी?" ते हळूच म्हणाले. "ठिणगीचं टायमिंग जरासं मांगं घेतलं असतं. अर्ध्या घंट्याचं काम. दुसऱ्या दिवशी निघालो असतो."

अकरा वर्षं शेजारी बसून मी सगळं ऐकलं होतं आणि एवढी एक गोष्ट विचारली नव्हती. तसे पिस्टन आता मिळत नाहीत. ताईंना मी एसी गाडीनं नेतो म्हटलं, तर साडभाऊंकडे बघून "यायच्या संगं जाईन," एवढंच बोलल्या, आणि आता गुडघे घराचा उंबरठाही ओलांडू देत नाहीत. मी पुलगावला गेलो, की साडभाऊ पूर्वीसारखंच हसून स्वागत करतात, चहा पाजतात, एसटीत बसवून द्यायला येतात. फक्त मला काही विचारत नाहीत. त्यांनी एकदा तरी काही विचारावं, काहीही, म्हणून मी चहा संपल्यावरही बराच वेळ बसून राहतो.